मँचेस्टरचं बाळंतपण, माझ्या देखरेखीखाली

९ फेब्रुवारी, अप्पर हट, न्यूझीलंड

मँचेस्टरहून सुरुचीचा फोन. डॉक्टरांनी मार्चअखेरची तारीख दिली आहे. आई, तू लवकर ये, म्हणाली. म्हणजे आम्ही दोघांनी. मुली असं वेगवेगळं म्हणत बसत नाहीत.

मंदाकिनीचं म्हणणं, बाळंतपणाला आई जाते, तुम्ही इथे यशोधनकडेच राहा, त्याच्या ओवीला शाळेतून आणायला कुणीतरी लागतंच. मी फक्त हसलो. चिंचवडच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. माझ्या काळात एकही आग नाही. (कँटीनची एक झाली, पण ती तेलाची होती, तशा धरत नाहीत.) बाळंतपण म्हणजे तरी शेवटी काय? प्लॅनिंग आणि सेफ्टी. यातलं मंदाकिनीला काय जमतं?

संकल्प: इंग्लंडच्या थंडीसाठी शरीर तयार करायचं. रोज सकाळी नदीकाठी चालणं. उद्यापासून.

१० फेब्रुवारी

चाललो नाही. दक्षिणेचा वारा होता, इथे तो गार असतो.

१५ फेब्रुवारी

यशोधनला दोन तिकिटं काढायला सांगितली. त्याने तीनदा विचारलं, बाबा, नक्की दोन? मुलाचा जीव बापात असा अडकलेला असतो, तो बोलून दाखवत नाही इतकंच. संध्याकाळी सूनबाई सिद्धीने केळं घालून शिरा केला. वाईट वाटलं असणार बिचारीला.

ओवीला मी स्वतः सांगितलं, की आजोबा आता तीन महिने नसणार. ती सात वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते. स्वीट ॲज, म्हणजे मस्तच, म्हणाली आणि ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला गेली. धक्का बसला की लहान मुलं अशी वागतात, कुठेतरी वाचलं होतं.

२ मार्च

व्हिसा आले. चालणं अजून सुरू झालेलं नाही, पण बॅगा उचलून व्यायाम होतोच आहे.

मंदाकिनीची बॅग म्हणजे वाण्याचं दुकान. पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून कुरिअरने डिंक, अळीव, वावडिंग, बाळंतशेपा मागवलाय. लाडू वळून झाले. माझ्या बॅगेत मोजकंच: टॉर्च, शिट्टी, फर्स्ट एड, मँचेस्टरचा नकाशा आणि माझं नारिंगी सेफ्टी जॅकेट. जॅकेट तिने काढून ठेवलं. मी परत घातलं. तिने परत काढलं. आत्ता ती अंघोळीला गेलीय, आत्ता ते बॅगेत आहे.

१६ मार्च, मँचेस्टर

पोचलो. दमलो. तीन विमानं, आणि तिन्हीत माझ्या पुढच्याची खुर्ची मागे. पाय सुजलेत. मंदाकिनी सिंगापूरला एकटी पुढे जाऊन गेट शोधून आली, कारण मी बाकावर बसलो होतो. बसलो होतो म्हणजे सामानावर लक्ष ठेवत होतो.

सुरुचीने दार उघडलं आणि आईच्या गळ्यात पडली ती बराच वेळ. मग मी दिसलो. अय्या, बाबापण आले, म्हणाली. पोटाकडे बघून मला भरून आलं, पण हातात बॅगा होत्या.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर, एका जुन्या कापड गिरणीत. आता त्या गिरणीची घरं केलीत. आमचे काका गिरणीतून बाहेर पडण्यासाठी आयुष्यभर धडपडले आणि ही पोरं इतकं भाडं भरून गिरणीत राहायला येतात. खोली एक, हॉल एक. आई आणि लेक खोलीत. जावई शंतनू हॉलमधल्या गादीवर, मी सोफ्यावर. सोफा दोन माणसांना बसण्यापुरता आहे. मी आडवा होतो तेव्हा गुडघ्यापासून पुढचा भाग जावयाच्या डोक्यावर येतो. तो मोठ्या मनाचा मुलगा आहे.

इमारतीची पाहणी केली. जिने दोन, लिफ्ट एक, धूर ओळखणारं यंत्र प्रत्येक घरात आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये. समाधानकारक.

२० मार्च

शंतनूच्या मीटिंगा हॉलमध्ये असतात. परवा एका मीटिंगमध्ये मी मागून चहा घेऊन गेलो तर सगळ्यांनी मला हात केला. तेव्हापासून रोज सकाळी तो आग्रह करतो, बाबा, शहर बघून या, मँचेस्टर बघण्यासारखं आहे. सुरुचीही तेच म्हणते. मंदाकिनी तर बूट आणून पुढ्यात ठेवते. माझ्या तब्येतीला हवापालट व्हावा म्हणून सगळे किती झटतात.

तर मी मँचेस्टर बघतो. इथला पाऊस पडत नाही, हवेत उभा असतो. छत्री उघडली तरी खालून भिजवतो. कालव्याच्या कडेने चाललो, विटांच्या इमारती, मग विटांचा पूल, मग परत इमारती. न्यूझीलंडमध्ये निदान डोंगर असतात, नजर टेकवायला. लोक मात्र प्रेमळ. दुकानातली बाई मला लव्ह म्हणाली. मंदाकिनीला सांगितलं नाही.

२१ मार्च

ट्राममध्ये बसून बरी नावाच्या गावाला गेलो. बसायला गरम असतं आणि कुणी उठवत नाही. शेवटच्या स्टेशनावर एका बाईने उठवलं. बाजार प्रसिद्ध आहे म्हणतात. मी त्याच ट्रामने परत आलो. घरी विचारलं तेव्हा बाजार चांगला आहे असं सांगितलं.

२५ मार्च

गुडघे दुखतात. आज लायब्ररीत बसलो. मोठं गोल सभागृह, वर घुमट, खाली माझ्यासारखी आणखी काही म्हातारी माणसं, सगळ्यांचे कोट ओले. कुणी वाचत नव्हतं. त्यांनाही घरच्यांनी शहर बघायला पाठवलं असावं.

संध्याकाळी दवाखान्यात जायची रंगीत तालीम घ्यावी असं मांडलं. मी शिट्टी वाजवल्यावर सुरुचीने बॅग घेऊन दारापर्यंत यायचं, शंतनूने टॅक्सीला फोन करायचा, मी वेळ मोजायची. शिट्टी वाजवली. सुरुची दचकली, मग रडायला लागली. या दिवसांत हार्मोन्समुळे असं होतं. मंदाकिनीने शिट्टी काढून घेतली आणि एक शब्दही बोलली नाही. सदतीस वर्षांच्या संसारात तिच्या न बोलण्याची मला भीती वाटत आली आहे, पण थकल्यामुळे आज मी लक्ष दिलं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

मुलगी झाली!! पाडव्याच्या मुहूर्तावर!

पहाटे कळा सुरू झाल्या आणि तिघं दवाखान्यात निघून गेली. मला उठवलं नाही. शंतनूचा मेसेज आला तेव्हा सूर्य वर आला होता, शिवाय इथली घड्याळं आजच तासाने पुढे गेलीत, त्यामुळे मी झोपलो होतो त्याहून जास्त झोपलो असं दिसतं. पण त्यांचं बरोबर आहे. अशा वेळी घरी कंट्रोल रूम सांभाळायला अनुभवी माणूस लागतो. मी चहा करून प्यायलो आणि फोनपाशी बसून राहिलो. यशोधनला, चुलतभावाला, चिंचवडच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना कळवलं की सगळं नीट पार पाडलं.

दुपारी दवाखान्यात गेलो. नात हातात घेतली. एवढीशी. बोटबिट काही धरलं नाही तिने, झोपली होती. नर्सने खुर्ची दिली. तिथे बसलो असताना वाटलं, एवढं लांब आलो ते याचसाठी. बाकी काही नसतं झालं तरी चाललं असतं.

१ एप्रिल

बाळ-बाळंतीण घरी. बारसं दहा तारखेला. सुरुचीचे सासू-सासरे आठला नाशिकहून येतायत. ते कुठे झोपणार हे कुणाला सुचत नव्हतं. मी सोफा देऊ केला आणि म्हटलं मी खाली झोपेन. शंतनूने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. भारावला असावा.

बारशाला मी चार शब्द बोलणार. मुद्दे काढलेत. पाळण्याची पाहणी केली, एक स्क्रू ढिला होता तो घट्ट केला. त्यानंतर पाळणा झुलत नाही, बघावं लागेल.

एक तक्रार. बाळ माझ्या हातात आलं की मंदाकिनी कुठूनतरी येते आणि घेऊन जाते. दूध, लंगोट, झोप, काही ना काही कारण. ढेकर काढायची माझी पद्धत वेगळी आहे, पण चुकीची नाही.

३ एप्रिल

बाळ दोनदा शिंकलं. घरात हवा कोंदट. एक गोष्ट माझ्या केव्हाच लक्षात आली आहे. या बाळंतपणात सगळं आहे, लाडू आहेत, तेल आहे, शेक आहे (गरम पाण्याच्या पिशवीने, पण आहे), फक्त धुरी नाही. आमच्या घरी प्रत्येक बाळंतिणीला आणि बाळाला अंघोळीनंतर धुरी मिळाली. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणीची सालं. आम्ही सगळी भावंडं धडधाकट झालो ती त्यावरच.

मंदाकिनीला म्हटलं. ती म्हणाली, इथे चालत नाही, घरी तपासायला येते त्या मिडवाइफने स्पष्ट सांगितलंय, बाळाजवळ धूर नको. मिडवाइफ असेल तिशीची. मी धुराचा अभ्यास केलेला माणूस आहे.

दुपारी रशोमला गेलो, तिथे सगळी आपल्याकडची आणि पाकिस्तानी दुकानं. हुक्क्यासाठी लागतात ते कोळशाचे गोल तुकडे मिळाले. दुकानदाराने हुक्का कुठला घेणार म्हणून विचारलं. म्हटलं, नातीसाठी हवेत. त्याने सुटे पैसे दोनदा मोजून दिले.

४ एप्रिल

घटनेचा अहवाल, माझ्यापुरता.

शंतनू भाजी आणायला गेला होता. मंदाकिनी सुरुचीला तेल लावत होती. बाळ पाळण्यात. सगळ्यांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून मी कोळसे विजेच्या शेगडीवर पेटवले, तव्यात घेतले आणि वर ओवा वगैरे घातला. प्रमाण बहुधा थोडं जास्त झालं, कारण चष्मा खोलीत होता. धूर चांगला झाला. वास अगदी आईच्या हातचा.

मग स्वयंपाकघरातलं यंत्र ओरडायला लागलं. इथे मी डोकं शांत ठेवलं. धूर कोंडला की त्याला वाट द्यायची, हे पहिलं तत्त्व. खिडकी जुन्या गिरणीची, उघडत नाही. म्हणून घराचं दार उघडलं. धूर बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. आता कॉरिडॉरमधलं यंत्र सगळ्या इमारतीला जोडलेलं आहे, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही.

सगळी इमारत वाजायला लागली. पुढचं मात्र मी उत्तम हाताळलं. जॅकेट घातलं, कॉरिडॉरमध्ये उभा राहून लोकांना दिशा दिली, लिफ्टला कुणालाही हात लावू दिला नाही. लोक शिस्तीत उतरले. एक जण अंघोळीच्या टॉवेलवर होता, एकाच्या हातात मांजर. सुरुची तेल लावलेल्या केसांनी, अंगावर आईची शाल, बाळाला छातीशी धरून कठड्याच्या आधाराने चारही मजले उतरली. मंदाकिनी तिला धरून. मी वरून सूचना देत होतो.

सगळे कालव्याच्या कडेला रिमझिमीत उभे. आगीचा बंब आला. माणसं वर गेली आणि तवा घेऊन खाली आली. मी त्यांच्यातल्या प्रमुखाला ओळख करून दिली, निवृत्त सेफ्टी ऑफिसर, इंडिया, आणि सांगितलं की तुमचा प्रतिसाद फार जलद होता. तो थँक्यू म्हणाला आणि तवा माझ्या हातात दिला.

एवढ्यात शंतनू भाजीच्या पिशव्या घेऊन आला. त्याने आधी बंब पाहिला, मग बायको, मग मी.

निष्कर्ष: जीवितहानी नाही. यंत्रणा चालू स्थितीत आहे हे सिद्ध झालं. तवा गेला.

५ एप्रिल

घरात कुणी बोलत नाही. सगळेच दमलेत. बाळसुद्धा.

संध्याकाळी यशोधनचा अप्पर हटहून फोन. त्याची पाठ धरली आहे. वाकता येत नाही, उचलता येत नाही, ओवीची सुट्टी सुरू होतेय, सिद्धीला ऑफिस. बाबा, तुम्ही आलात तर फार बरं होईल, म्हणाला. ताबडतोब.

काय करणार? एकीकडे बारसं, दुसरीकडे पोटचा मुलगा अंथरुणाला खिळलेला. मंदाकिनीला म्हटलं, दहा तारखेपर्यंत थांबून गेलो तर? ती म्हणाली, पाठीचं दुखणं थांबत नाही. योगायोगाने उद्याच्या विमानात एक जागा होती आणि शंतनूने ती आधीच बघून ठेवली होती. माझी बॅगही भरून झाली होती. जॅकेट तिने स्वतःच्या हाताने घातलं, वर.

निघताना बाळ मागितलं. सुरुचीने दिलं, पण हात खाली तसेच धरून ठेवले. मी म्हटलं, आजोबा परत येतील. नात ढेकर देऊन झोपली.

८ एप्रिल, अप्पर हट

परत तीन विमानं. मधे एकटं बसताना पहिल्यांदाच लक्षात आलं की ट्रेचं झाकण मला उघडत नाही, नेहमी मंदाकिनी उघडते.

वेलिंग्टनच्या विमानतळावर यशोधन घ्यायला आला होता. दोन्ही बॅगा एकेका हातात उचलून गाडीत ठेवल्या. मी म्हटलं, अरे, पाठ! त्याने दुसरी बॅग घाईने खाली ठेवली आणि कंबरेला हात लावला. मी येतोय हे कळल्यावरच निम्मं दुखणं पळालं असणार. मनाचा शरीरावर फार परिणाम होतो.

९ एप्रिल

कामाला लागायचं म्हणून लवकर उठलो. काम नव्हतं. ओवीला सुट्टीत हॉलिडे प्रोग्रॅमला घातलंय, नाव महिन्यापूर्वीच नोंदवलेलं. गवत कापलेलं. दूध आणायला डेअरीत जाऊन आलो. घरात दूध होतं.

संध्याकाळी यशोधनच्या पाठीला तेल चोळून द्यायला शोधलं तर तो मागे ओवीबरोबर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असेल. हल्ली असं काहीही सांगतात.

१० एप्रिल

बारसं. मँचेस्टरला सकाळ, इथे जेवणं झालेली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून आम्ही चौघं समोर बसलो. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. चार शब्दांचा कागद खिशात होता, पण तिकडे इतका गलका होता की मधे कसं बोलणार?

पाळणा मस्त झुलत होता. कुणीतरी स्क्रू सैल केला. बाळ व्याह्यांच्या मांडीवर होतं आणि ते तिला नीट धरून बसले होते. मान सांभाळून. नाव जान्हवी ठेवलं. छान आहे.

मग विहीणबाई कॅमेऱ्याजवळ आल्या. भल्या बाई आहेत. म्हणाल्या, रवींद्रराव, तुम्हाला बारसं टाकून जावं लागलं, आम्हाला फार वाईट वाटलं. यशोधनचं पाठीचं ऑपरेशन नीट झालं ना?

इथे यशोधनने सिद्धीकडे पाहिलं. सिद्धीने टेबलाकडे. तिकडे मंदाकिनी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती, ती तशीच थांबली. सुरुचीने डोळे मिटून घेतले.

कळायला मला तेवढा वेळ पुरला. एकतीस वर्षं मी लोकांना शिकवलं, की धोका ओळखायचा आणि माणसं त्यापासून लांब न्यायची. त्यांनी तेच केलं होतं, आणि नीट केलं होतं.

म्हटलं, हो, ऑपरेशन छान झालं. अजून महिनाभर उचलायचं नाही म्हणालेत डॉक्टर, म्हणून मी आहे इथे. यशोधनने हळूच कंबरेमागे उशी घेतली.

११ एप्रिल

संध्याकाळी मंदाकिनीचा फोन, तिची सकाळ. तिने आपण होऊन सांगितलं, यशोधनला मीच फोन करायला लावला. मी म्हटलं, माहीत आहे. मग ती म्हणाली, त्या दिवशी जिना उतरताना सुरुचीचा एक टाका उसवला, दवाखान्यात न्यावं लागलं. तुम्ही त्या वेळी बंबवाल्यांशी बोलत होता, तुम्हाला वाटलं आम्ही ओले कपडे बदलायला शेजारी गेलोय.

मी विचारलं, आता कशी आहे. बरी आहे, म्हणाली. हे मी पहिल्यांदा विचारलं, तेही तिने सांगितल्यावर. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं म्हणालो. ती थोडा वेळ गप्प होती, पण हे तिचं घाबरवणारं गप्प बसणं नव्हतं.

जून महिन्यात येणार होती, आता सप्टेंबरपर्यंत राहीन म्हणते. सुरुचीला गरज आहे. मी म्हटलं, राहा. इथे सगळं ठीक आहे, ट्रेची झाकणंसुद्धा नाहीत. ते तिला कळलं नाही, मीही समजावून सांगितलं नाही.

ठेवताना म्हणालो, माझी काळजी करू नकोस. नाही करत, म्हणाली. आवाजावरून चांगली झोप झालेली वाटली.